वहिनींच्या हातचं कोरडं इंजिन

गॅरेजचं शटर कित्येक महिने बंद होतं, त्यामुळे ते सुखासुखी वर जायला तयारच नव्हतं. वहिनींनी आधी दोन्ही हातांनी जोर लावला, मग खांदा लावला, मग दोन्ही बाजूंच्या खाचांत शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि पुन्हा खांदा लावला. शटर असं काही किंचाळलं की समोरचा न्हावी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून दारात आला.

"मिस्त्री बरे झाले वाटतं!"

"होतायत," वहिनी म्हणाल्या, "तोवर मी आहे."

न्हाव्याला वाटलं, वहिनी गंमत करतायत. तो मनापासून हसला आणि उरलेली दाढी करायला आत गेला. बाकीच्या गल्लीलाही खरं वाटायला पुढे बरेच दिवस जावे लागले.

गल्लीतल्या सगळ्यांच्याच त्या वहिनी. नवरा मोटारसायकलींचा मिस्त्री, नावाजलेला. त्याच्या नात्याने ही सगळ्यांची वहिनी. पण लग्नाच्या आधीपासून त्या स्वतःही कामाला जायच्या, रेनकोट शिवायच्या कारखान्यात. तिथे मशीनवर बसणं हे अर्धंच काम. खरी परीक्षा पुढे असायची. शिवून झालेल्या बाहीचं टोक गच्च बांधायचं, आत पाणी भरायचं आणि ती दोरीला टांगायची. जरा वेळाने बाही कुठून ओली दिसते ते बघायचं. वहिनींच्या हाताखाली नव्या मुली यायच्या तेव्हा त्या खालच्या टोकाला लोंबणारा थेंब बघून तिथलीच शिवण उसवायला बसायच्या. वहिनी त्यांचा हात धरायच्या. "अगं, थेंब खाली दिसतोय म्हणून भोक खाली असतं का? पाणी वरून ओघळत आलंय. आधी सगळं पुसून काढ, मग वरून बघत ये." त्यांनी पास केलेली बाही कधी परत आली नाही, अशी त्यांची कारखान्यात ख्याती होती. घरी मात्र त्यांनी ती कधी मिरवली नाही. घरात गप्पा चालायच्या त्या मिस्त्रींच्या गाड्यांच्या.

एका सकाळी मिस्त्री चहाचा कप उचलायला गेले आणि कप जागचा हलेना. कप कसला हलतोय, हातच हलत नव्हता. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. डॉक्टरांनी शर्थ केली. वाचा शाबूत राहिली, पाय घासत का होईना पण चालू लागला, हातही खांद्यापासून वर होऊ लागला. बोटं मात्र परकी झाली. शर्टाचं बटण धरलंय की हवा, हे त्यांना डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. ज्या माणसाला अंधारात बोट फिरवून बोल्ट कितीचा ते कळायचं, त्याची ही गत.

वहिनींनी कारखाना सोडला आणि घरी राहिल्या. मिस्त्री दिवसभर खिडकीशी बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ऐकायचे. "याची चेन सैल झालीय... याने एअर फिल्टर जन्मात बदललेला नाही..." सुरुवातीला मोठ्याने म्हणायचे, मग पुटपुटायला लागले, मग तेही थांबलं. गाडी जायची आणि ते भिंतीकडे बघत राहायचे. वहिनींना त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली.

"अहो," त्या एक दिवस म्हणाल्या, "गॅरेज उघडू या. हात माझे, डोकं तुमचं."

"काहीतरीच! गॅरेज म्हणजे काय रेनकोट आहे?"

"रेनकोटात पाणी आत येऊ द्यायचं नाही, इंजिनातून तेल बाहेर जाऊ द्यायचं नाही. फरक एवढाच ना?"

मिस्त्रींच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "आपल्या घरात बायकांनी असली कामं कधी केली नाहीत."

"आपल्या घरात मिस्त्री खिडकीत कधी बसले होते का?" वहिनी म्हणाल्या. सासूबाईंनी नाक मुरडलं आणि जपमाळ ओढल्यासारखी चादरीची दशी ओढत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ती चादर टराटरा फाडून तिच्या चौकोनी चिंध्या केल्या, आणि "तेल पुसायला लागतील" म्हणून गठ्ठा बांधून वहिनींच्या हातात ठेवला. पुढे हे फाडणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं की एकदा मिस्त्रींचा धुवायला टाकलेला चांगला सदराही त्यातून सुटला नाही.

तर असं ते शटर वर गेलं. नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट अंगावर चढवून, केस रुमालात गच्च बांधून वहिनी जमिनीवर बसल्या, आणि मिस्त्री खुर्चीत. पहिले दिवस फार वाईट गेले. मिस्त्री "तो दहाचा पाना दे" म्हणायचे, वहिनी बाराचा उचलायच्या. मिस्त्रींचा आवाज चढायचा, तो ऐकून न्हाव्याकडची गिऱ्हाइकं आरशातून इकडे बघायची. एकदा क्लचचं झाकण बसवताना वहिनींनी शेवटचा बोल्ट असा आवळला की कट्ट झालं आणि तो नुसताच गोल फिरायला लागला. आतले आटे गेले होते.

"संपवलंस!" मिस्त्री डाव्या हाताने खुर्चीवर बुक्की मारत ओरडले.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी पाना खाली ठेवला नाही. "कापड ताणलं तर हाताला कळतं हो, आता पुरे म्हणून. हे लोखंड काही बोलतच नाही."

मिस्त्रींनी वळलेली मूठ सोडली. मग आवाज उतरवून म्हणाले, "बोलतं. पण तू ऐकायच्या आधीच त्याचा गळा दाबतेस."

त्या दिवशी दुपारभर त्यांनी वहिनींना एका मोडीत काढलेल्या इंजिनावर बसवलं. बोल्ट घाल, बोटांनी टेकव, मग पाना लाव. एक आवळला की शेजारचा नाही, समोरचा घ्यायचा. मग पुन्हा तिरक्या बाजूचा. सगळे थोडे थोडे, म्हणजे झाकण सगळीकडून सारखं बसतं. वहिनी हसल्या. "हे तर भरतकामाच्या रिंगमध्ये कापड ताणण्यासारखं आहे. एकाच बाजूने ओढलं की चुणी पडते." मिस्त्रींनी भरतकाम जन्मात केलं नव्हतं, पण त्यांना चुणी बरोबर कळली.

त्यानंतर गाडी रुळावर आली. पॅकिंग कापायच्या बाबतीत तर वहिनींनी पहिल्याच महिन्यात मिस्त्रींना मागे टाकलं. पॅकिंग म्हणजे दोन लोखंडी भागांच्या मधे, तेल गळू नये म्हणून बसणारा जाड कागद. तयार मिळाला नाही तर गॅरेजात कापावा लागतो. मिस्त्री तो ठोकून ठोकून कापायचे. वहिनी झाकणाच्या कडेला तेलाचं बोट फिरवायच्या, त्यावर कागद दाबायच्या आणि उमटलेल्या रेषेवरून कात्री अशी न्यायच्या की कागदाला कळूही नये. पहिलं पॅकिंग त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिलं तेव्हा ते त्यांनी उजेडाकडे धरलं, उलटंपालटं केलं, आणि म्हणाले, "हं."

ज्यांनी मिस्त्रींशी संसार केला नाही त्यांना त्या 'हं'ची किंमत कळायची नाही. वहिनींना कळली. त्या दिवशी त्या घरी जाताना वाकड्या वाटेने, मोठ्या रस्त्यावरून गेल्या, उगाच.

गिऱ्हाइकांचं मात्र तसं नव्हतं. घरोघर पार्सल पोचवणारा एक जण होता, मिस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक, तोंडाचा फटकळ. तो दारात थांबून म्हणाला, "काय वहिनी, गाडीला रफू करणार की काय?"

"गाडीला नाही," वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "तोंडाला करता येईल. बसा."

मिस्त्री खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसले. पार्सलवाल्याच्या गाडीतून पेट्रोलचा वास येत होता. वहिनींनी टाकीखालचा पेट्रोलचा पाईप काढला. लांबून धडधाकट दिसत होता. त्यांनी तो बोटांत धरून त्याच्यासमोर वाकवला, तशा क्लिपजवळ टाचेच्या भेगांसारख्या भेगा उघडल्या आणि त्यातून ओल चमकली. "याच्याखाली तुमचं तापलेलं इंजिन. आणि वर तुम्ही," त्या म्हणाल्या. पार्सलवाल्याने आपलं स्टूल गाडीपासून मागे सरकवलं. नवा पाईप बसेपर्यंत तो चकार शब्द बोलला नाही, आणि नंतर जिथे पार्सल देईल तिथे वहिनींचं नाव सांगत सुटला. अशा माणसाचं तोंड एकदा आपल्या बाजूने झालं की जाहिरात वेगळी करावी लागत नाही.

आणि मग एक दिवस सिस्टर आल्या.

सरकारी दवाखान्यातल्या नर्स त्या. डोंगरावरच्या वस्त्यांवर जाऊन लहान मुलांना लस टोचायचं काम त्यांच्याकडे. मोटारसायकलच्या मागे लशीची थंड पेटी बांधायची आणि वळणावळणाच्या रस्त्याने वर जायचं. त्या दिवशी गाडी ढकलत आल्या. गुडघा खरचटलेला, एका बाहीला माती, आणि गाडीचं मागचं चाक तेलाने माखलेलं.

"वळणावर मागचं चाक सरकन गेलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी पडले, पेटी पडू दिली नाही. मिस्त्री, दोन गॅरेज झाली. एकाने वरचं पॅकिंग बदललं, तर तेल बाजूच्या झाकणातून यायला लागलं. दुसऱ्याने ते बदललं, वर कसली तरी चिकटवणी फासली, तर आता चेनकडून येतंय. आज इथून, उद्या तिथून. परवा सकाळी मला वर जायचंय. आया मुलांना घेऊन लांबून लांबून चालत येतात हो, त्यांना माघारी कसं पाठवू?"

"ठेवा गाडी," मिस्त्री म्हणाले.

आधी वहिनींनी जुनी चिकटवणी काढली. मागच्या मिस्त्रीने ती अशी थापली होती की जणू भिंतीचा गिलावा. ब्लेड आडवं धरून, लोखंडाला ओरखडा न उठवता ती खरवडायची म्हणजे पेशन्सचं काम. मग रॉकेलने सगळं इंजिन धुतलं, कोरडं केलं. वर नवं पॅकिंग, चेनकडे नवं रबरी सील. मिस्त्री तोवर डाव्या हाताने एकेक पाईप तपासत होते. इंजिनाच्या पोटात तयार होणारी वाफ वर निघून जावी म्हणून एक रबरी पाईप असतो, इंजिनाची श्वासनळीच म्हणा ना. तो सुटा करून त्याच्या वरच्या टोकातून त्यांनी फुंकर मारली. हवा आरपार गेली. "हा ठीक आहे," ते म्हणाले आणि वहिनींनी तो परत जोडला.

शेवटी वहिनींनी पर्समधून पावडरचा डबा काढला आणि इंजिनावर पांढरी धूळ उडवली. ही त्यांची स्वतःची युक्ती. तेल कुठून पहिल्यांदा डोकावतं ते पांढऱ्यावर लगेच दिसतं. पलीकडून न्हावी ओरडला, "वहिनी, गाडीला नटवून कुठे लग्नाला पाठवताय?" गाडी स्टँडवर चालू ठेवली. पावडर पांढरीच राहिली.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "निरोप पाठव सिस्टरना."

वहिनींनी निरोप पाठवला नाही. "उभी असताना कोरडी आहे हो. सिस्टर काय उभ्या गाडीवरून डोंगर चढणार आहेत?" त्या गाडीवर बसल्या आणि गल्लीच्या टोकाचा चढ तीन-चारदा वरखाली केला. वहिनी मोटारसायकल चालवायला याच वर्षी शिकल्या होत्या, मैदानात, सासूबाईंना स्टुलावर साक्षीदार बसवून. सासूबाईंचं तेव्हाचं म्हणणं एवढंच होतं की, "पडलीस तर माझ्या बाजूला पडू नकोस."

परत येऊन त्यांनी वाकून बघितलं. चेनकडचं सील कोरडं होतं. पण वरच्या झाकणाच्या कडेला, त्यांनी स्वतःच्या हाताने कापलेल्या पॅकिंगच्या रेषेवर, पावडर काळी पडली होती.

वहिनींनी बोट लावून बघितलं, तेलच होतं. आपलंच पॅकिंग! त्या भिंतीला टेकून बसल्या. मिस्त्री धीर देत म्हणाले, "होतं असं. पुन्हा काप." वहिनी नुसत्या त्या काळ्या रेषेकडे बघत राहिल्या. कारखान्यातली ती टांगलेली बाही त्यांना आठवली. एकदा एका मुलीने गंमत म्हणून भरलेली बाही दोन्ही हातांनी पिळली होती, तेव्हा चांगल्या घट्ट शिवणीतूनही पाणी फुटून बाहेर आलं होतं.

"हा शिवणीचा दोष नाही," त्या हळूच म्हणाल्या. "एक बंद केली की दुसरी, दुसरी बंद केली की तिसरी. आतून कोणीतरी ढकलतंय. याला श्वास सोडता येत नाहीये."

"श्वासनळी मी फुंकून बघितलीय. तुझ्यासमोर."

"काढते पुन्हा."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तुझा?" मिस्त्रींचा चेहरा उतरला. जे काम हाताला जमत नव्हतं ते त्यांनी सोडून दिलं होतं, पण हे त्यांनी स्वतः केलं होतं.

"तुमच्यावर आहे," वहिनी म्हणाल्या, "पाईपावर नाही."

त्यांनी पाईप काढला, डोळे मिटले आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीतून ओढत नेला, रेनकोटाची शिवण तपासायच्या तसा. वरून सगळीकडे सारखा. मधे एका जागी मात्र बोटांखाली काहीतरी आत सरकलं. कापडावरून अस्तर सुटलं की सरकतं तसं. त्यांनी वरच्या टोकातून फुंकलं. हवा गेली. मग पाईप उलटा धरला आणि इंजिनाकडच्या टोकातून फुंकलं. गाल फुगले, हवा जाईना.

"अहो, फुंका बघू इकडून."

मिस्त्रींनी फुंकलं. गाल फुगले, कान लाल झाले, डोळे बाहेर यायची वेळ आली. पाईप ढिम्म. त्यांनी तो तोंडातून काढला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा फुंकून बघितलं आणि एकदम हसायला लागले. झटका आल्यापासून ते असे खदखदून हसले नव्हते. वाकड्या झालेल्या तोंडाच्या अर्ध्या बाजूनेच, पण पोट धरून. वहिनींनी कात्रीने पाईप उभा चिरला. आत रबराचा एक पापुद्रा सुटून दारासारखा लोंबत होता. वरून हवा आली की दार उघडायचं, इंजिनाकडून आली की बंद. मग आत कोंडलेली वाफ मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलायची.

"वर्षानुवर्षं मी एकाच बाजूने फुंकत आलो," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले. "एकाच बाजूने!"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी नवा पाईप बसवला. कुठे मुरडणार नाही, सायलेन्सरला टेकणार नाही अशा बेताने वळण देऊन. वरचं पॅकिंगही नव्याने कापून घातलं. एवढ्यावर न थांबता पेट्रोलचा पाईप काढला, तेलाचे पाईप काढले. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि पसारा बघून त्यांचा जीव खालीवर झाला.

"अहो वहिनी, ते कुठे गळत होते?"

"गळत नव्हते. पण सगळे एकाच दिवशी बसलेत. एकाचं अस्तर सुटलं म्हणजे बाकीचे काही तरणेताठे नसणार." त्यांनी तेलाचा एक पाईप वाकवून दाखवला. तो वाकायच्या ऐवजी कडकन मोडल्यासारखा वाजला. सिस्टर मुकाट्याने स्टुलावर बसल्या.

काम झालं तेव्हा ऊन उतरायला अजून अवकाश होता. सिस्टरनी विचारलं, "आता नक्की ना? मला घाट बघितला की गुडघ्याची आठवण येते हो."

आदल्या दिवशी स्टँडवर कोरडी राहिलेली गाडी वहिनी विसरल्या नव्हत्या. "नक्की म्हणायला इथे बसून काय उपयोग? वर जाऊ या. मी चालवते, तुम्ही मागे बसा."

मिस्त्री म्हणाले, "अगं, डोंगर!" पण त्यांच्या आवाजात नकार नव्हता. वहिनींनी लशीची रिकामी पेटी पाण्याच्या बाटल्यांनी भरून घेतली, नेहमीचं वजन मागे असावं म्हणून. सिस्टर पेटी आणि वहिनी यांच्या मधे कशाबशा मावल्या. गल्ली दारात उभी राहिली.

गावाबाहेर रस्ता चढायला लागला तशा वहिनींच्या हातांत गाडी जड झाली. त्यांनी गिअर खाली घेतला. इंजिनाचा आवाज भरून आला. वहिनी कान देऊन ऐकत होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की लोखंड बोलतंय. दम लागलेल्या पण तक्रार नसलेल्या माणसासारखं. ज्या वळणावर सिस्टर पडल्या होत्या तिथे त्यांची बोटं वहिनींच्या खांद्यात रुतली. डांबरावर तेलाचा जुना डाग अजून दिसत होता. वहिनींनी गाडी डागाच्या बाहेरून, सावकाश, पण न थांबता काढली. मागचं चाक रस्त्याला धरून राहिलं.

माथ्यावर त्यांनी गाडी उभी केली. दोघीही लगेच वाकल्या नाहीत. मग सिस्टर, दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता, खाली बसल्या. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि झाकणाच्या कडेने, चेनजवळ, इंजिनाच्या पोटाखालून फिरवला. रस्त्याची धूळ लागली. तेल नाही. त्यांनी तो रुमाल झेंड्यासारखा वर धरला.

"वहिनी! कोरडं आहे! कोरडं ठणठणीत!"

वहिनींनी स्वतःही हात घालून बघितला, चटका बसला तरी. मग त्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. खाली घरांची छपरं पसरली होती. त्यातलं गॅरेजचं छप्पर कुठलं ते त्यांनी शोधून काढलं. कारखान्यात त्यांनी कोण जाणे किती रेनकोट शिवले, पण ते घालून कोण कुठे गेलं ते त्यांना कधी कळलं नव्हतं. ही गाडी उद्या कुठे जाणार, कोणाच्या दारात उभी राहणार, ते त्यांना माहीत होतं. अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात ते त्यांना त्या दगडावर समजलं. त्या एकट्याच हसायला लागल्या. सिस्टरनी पेटीतली पाण्याची एक बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि दोघींनी तपासणीचं ते वजन पिऊन टाकलं.

उतरून आल्या तेव्हा मिस्त्री गॅरेजात नव्हते. जिथे गल्ली संपते आणि डोंगराचा रस्ता सुरू होतो तिथे, काठी टेकत, पाय ओढत, ते येऊन उभे होते. आजारपणानंतर एवढं अंतर ते कधी चालले नव्हते. शेजारी न्हावी, खांद्यावर टॉवेल तसाच. मिस्त्रींनी काही विचारलं नाही. गाडी थांबल्याबरोबर ते वाकले, चांगला हात इंजिनाखाली घातला, मागच्या चाकावरून फिरवला आणि पंजा उघडून न्हाव्याच्या नाकासमोर धरला.

"बघ," ते म्हणाले. "आहे का थेंब? आहे का?"

"नाही बुवा," न्हावी म्हणाला.

"नाहीच मुळी. माझ्या बायकोच्या हातची गाडी आहे ती." एवढं बोलून ते विनाकारण न्हाव्यावर खेकसले, "आणि तू दुकान उघडं टाकून इथे काय करतोयस?"

सिस्टर ठरलेल्या दिवशी वर गेल्या आणि सगळी लस देऊन आल्या. येताना सरळ गॅरेजात आल्या, रिकामी पेटी दाखवायला. त्यानंतरच्या पावसापाण्यातही ती गाडी कधी अडली नाही. दवाखान्याच्या बाकी गाड्या आल्या, मग त्या गाड्यांच्या ओळखीने आणखी आल्या. गॅरेजला पाटी नव्हती ती मिस्त्रींनी हट्टाने लिहून घ्यायला लावली. पेंटरने विचारलं, "काय लिहू? 'मिस्त्री आणि मंडळी'?"

"उलटं," मिस्त्री म्हणाले. "'मंडळी आणि मिस्त्री'."

"असं कोणी लिहीत नाही हो."

"ज्याच्या हातात पाना त्याचा मान आधी. लिही."

पाटी अजून तशीच आहे. वाचणाऱ्यातले निम्मे हसतात, निम्म्यांना काही कळत नाही. कोणी नवखं गिऱ्हाईक आलं आणि मिस्त्रींना म्हणालं, "मिस्त्री, जरा बघता का?" की ते बोट दाखवतात: "मी नुसता बोलतो. बघणाऱ्या त्या, गाडीखाली." मग गिऱ्हाईक बसलेलं असतंच, तेव्हा ते डोंगराची गोष्ट काढतात. त्यांच्या गोष्टीत तो डोंगर दर वेळी थोडा उंच होतो, वळण थोडं अरुंद होतं, आणि मागच्या खेपेला तर कडेला दरीही निघाली होती.

"दरी नव्हती हो तिथे," गाडीखालून वहिनींचा आवाज आला.

"नव्हती कशी? तू पुढे बघत होतीस, तुला काय दिसणार?"

"आणि तुम्ही इथे गल्लीत होतात!"

गिऱ्हाईक हसलं, पलीकडे न्हावी हसला. मिस्त्री जराही ओशाळले नाहीत. दरी तशीच ठेवून ते पुढे सांगू लागले, आणि वहिनींनीही नंतर त्यांना अडवलं नाही. त्या पडल्या पडल्या ऐकत होत्या, आणि त्यांची बोटं एका जुन्या पाईपावरून सावकाश पुढे सरकत होती.